शाहिराचे दूरचे सोयरे

शब्द प्रवासाला निघतात तेव्हां ते कोणाजवळ परवाना मागत नाहींत, आणि परक्या मुलखांत उतरल्यावर आपलें मूळ गांवहि सांगत बसत नाहींत. अरबी भाषेंतून निघालेला एक शब्द फारसीच्या वाटेनें महाराष्ट्रांत आला आणि 'शाहीर' होऊन डफावर थाप देऊं लागला. त्याचाच एक सख्खा भाऊ अरबी गलबतांतून आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागला आणि स्वाहिली भाषेंत 'शाइरी' या नांवानें स्थायिक झाला. आपल्याकडे त्या शब्दानें कवन रचणारा ओळखला जातो, तिकडे खुद्द कवनच ओळखलें जातें, भेद एवढाच. आणखी शोध घेऊं लागलें तर 'हेसाबू' म्हणजे हिशेब, 'वाकिली' म्हणजे वकील, 'बिमा' म्हणजे विमा, 'दुका' म्हणजे दुकान आणि 'पेसा' म्हणजे पैसा, अशीं ओळखीचीं माणसें पदोपदीं भेटतात. कांहीं अरबस्तानांतून परभारें गेलेलीं, तर कांहीं आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेलेलीं.

ज्या गीतांविषयीं येथें चार शब्द लिहावयाचे आम्हीं योजिलें आहे त्यांना मात्र कोणी शाइरी म्हणत नाहीं. त्यांचें नांव हिपहॉप. हें नांव वाचतांच कित्येक घरांतील वडील मंडळींच्या कपाळाला आठी पडेल, आणि त्याच घरांतील मुलें कान टवकारतील. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स नांवाच्या दरिद्री भागांत १९७३ च्या सुमारास कृष्णवर्णीय तरुणांच्या मेळाव्यांतून ही कला उदयास आली. तबकड्यांवरचा एखादा ठेका पुनःपुन्हां वाजवावयाचा आणि त्यावर यमकबद्ध बोल भरभर म्हणावयाचे, हें तिचें मूळ स्वरूप. तींत सुरांपेक्षां शब्दाला मान अधिक. १९८० नंतरच्या दशकांत कॅसेटी आणि चित्रफिती यांच्या द्वारें ती टांझानियांतील दार-एस-सलाम बंदरीं पोहोंचली. तेथील सुखवस्तु घरांतील मुलें प्रथम अमेरिकन गाणीं अमेरिकन उच्चारांसह घोकून म्हणूं लागलीं. श्रोते कौतुकानें टाळ्या वाजवीत; परंतु अर्थ कळून हसणारा किंवा हळहळणारा त्यांत विरळाच.

पुढें १९९१ च्या सुमारास सालेह जाबिर नांवाच्या तरुणानें एका गाजलेल्या अमेरिकन गीताच्या ठेक्यावर स्वाहिली शब्द बसविले आणि सारें चित्र पालटलें. त्याच्यामागून क्वान्झा युनिट, हार्ड ब्लास्टर्स यांच्यासारखे संच पुढें आले. योग असा कीं, ह्याच सुमारास देशाची हवाहि बदलत होती. ज्युलियस न्येरेरे यांनीं १९६७ च्या आरुशा जाहीरनाम्यानें समाजवादाचा जो मार्ग आंखला होता तो मागें पडून बाजारपेठा खुल्या होत होत्या. मुख्य भूमीवर तोंवर नभोवाणी एकट्या सरकारची होती. १९९४ पासून खासगी नभोवाणी केंद्रें व दूरचित्रवाणी सुरू झालीं, आणि तरुणांच्या गाण्यांना वाट मिळाली. ह्या गाण्यांस पुढें 'बोंगो फ्लेव्हा' असें नांव पडलें. 'उबोंगो' म्हणजे मेंदू. दार-एस-सलाम शहरांत ज्याच्याजवळ मेंदू असेल तोच तगेल, म्हणून त्या शहराचेंच टोपणनांव 'बोंगो' झालें, आणि त्याचा जो स्वाद तो बोंगो फ्लेव्हा. पोट भरण्यासाठीं खेड्यांतून शहरांत येणाऱ्या माणसाचा सगळा अनुभव ह्या एका विनोदी नांवांत सांठविलेला आहे. मुंबईला असें नांव द्यावयाचें झालें तर तें कोणत्या अवयवावरून द्यावें, याचा विचार वाचकांनीं सवडीनें करावा.

स्वाहिली शब्द त्या परक्या ठेक्यावर इतके सहज कसे बसले, ह्याचें उत्तर त्या भाषेच्या घडणींत आहे. स्वाहिलींत बहुतेक प्रत्येक अक्षर स्वरान्त असतें आणि शब्दांतील उपान्त्य अक्षरावर जोर पडतो. शब्दांचे वर्ग असून त्या त्या वर्गाचा उपसर्ग नामाला, विशेषणाला आणि क्रियापदाला सारखाच लागतो. त्यामुळें साधें वाक्यहि अनुप्रासानें गुंफलेलें वाटतें. 'किताबू किझुरी' म्हणजे चांगलें पुस्तक, आणि चांगलीं पुस्तकें म्हणावयाचीं तर 'विताबू विझुरी'. अरबी किताबेंतील 'कि' हा आपलाच उपसर्ग समजून त्या भाषेनें त्याचें सरळ अनेकवचन करून टाकलें! परक्या शब्दाला घरांत घ्यावयाचें तर तें असें घ्यावें. त्याला अंगणांत पाहुण्यासारखें ताटकळत ठेवूं नये.

यमक इतकें सुलभ असल्यामुळेंच कीं काय, जुन्या स्वाहिली कवींनीं स्वतःवर कडक नियम घालून घेतले. रूढ शाइरींत एका कडव्याच्या चार ओळी; प्रत्येक ओळींत सोळा अक्षरें, तींहि आठ-आठांच्या दोन खंडांत; आणि यमक ओळीच्या शेवटीं तर हवेंच, परंतु मध्यावरहि हवें. ह्या यमकांना 'विना' आणि अक्षरगणनेला 'मिझानी' म्हणतात. मोंबासाचा मुयाका बिन हाजी (१७७६–१८४०) ह्यानें अशा रचना राजकारणासाठीं वापरल्या. मोंबासा आणि लामू ह्या दोन नगरांतील वैर पद्यांच्या देवघेवींतूनहि लढलें गेलें. एका कवीनें कोडें घालावें, दुसऱ्यानें त्याच वृत्तांत उत्तर द्यावें, ही रीत पुढें वर्तमानपत्रांच्या स्तंभांतूनहि चालू राहिली. कलगी आणि तुरा यांच्या झगड्यांत रात्री जागविलेल्या महाराष्ट्राला हें निराळें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. तात्पर्य, हातांत ध्वनिवर्धक घेऊन प्रतिस्पर्ध्याला शब्दांनीं नामोहरम करणारा दार-एस-सलामचा तरुण अमेरिकेचें अनुकरण करीत असला, तरी ज्या आखाड्यांत तो उभा आहे तो त्याच्या पणजोबांनींच खणून ठेवलेला आहे.

ह्या कथेंत आमच्या मुंबईचाहि थोडा वांटा आहे. झांझिबारची सीती बिंती साद ही गुलामीच्या छायेंत जन्मलेली, मडकीं विकून पोट भरणारी बाई. स्वाहिली भाषेंत तिनें गाइलेल्या तआरब गीतांची कीर्ति एवढी झाली कीं १९२८ सालीं तिला व तिच्या साथीदारांना ध्वनिमुद्रणासाठीं मुंबईस आणण्यांत आलें, आणि तेथें तयार झालेल्या तबकड्या पूर्व आफ्रिकेच्या घराघरांत वाजूं लागल्या. तोंवर दरबारी मेजवान्यांत तआरब अरबी भाषेंत गाइलें जाई. सीतीनें तें गल्लींतल्या माणसांच्या भाषेंत आणलें, आणि एका खुनाच्या खटल्यांत न्याय कसा झाला नाहीं तेंहि गाऊन दाखविलें. स्वाहिलीचे थोर कवि शाबान रॉबर्ट यांनीं पुढें तिचें चरित्र लिहिलें. गिरगांव-भायखळ्याच्या रस्त्यांतून त्या दिवसांत ती हिंडली असेल आणि कोणाचें लक्षहि गेलें नसेल, हा विचार मनांत आला म्हणजे आम्हांस आपल्या शहराविषयीं अभिमान आणि हुरहूर दोन्ही एकदम वाटतात.

सीतीचा हा वारसा नव्या पिढीनें निराळ्या रीतीनें चालविला. प्रोफेसर जे या नांवानें गाणाऱ्या जोसेफ हाउले याचें २००१ सालचें 'न्दिओ म्झे' हें गीत उदाहरणादाखल घेऊं. 'म्झे' म्हणजे वडीलधारा माणूस. त्या देशांत वयाला आणि अधिकाराला ह्याच शब्दानें मान देतात. 'न्दिओ म्झे' म्हणजे 'होय, साहेब'. गीतांत निवडणुकीचा एक उमेदवार अशक्य आश्वासनांची खैरात करतो, आणि दर आश्वासनाला लोक एकमुखानें होकार भरतात. हंसूं येतें तें उमेदवाराचें, पण बोचतो तो होकार. ह्या कथेचा पुढला भाग एखाद्या नाटककारालाहि सुचला नसता. तोच गायक २०१५ सालीं मिकुमी मतदारसंघांतून विरोधी पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेला! मतें मागतांना त्यालाहि आश्वासनें द्यावीं लागलींच असतील. तीं देतांना त्याला स्वतःचें गाणें आठवलें असेल काय? २०२० सालीं तो पराभूत झाला. त्याच्याहि आधीं, २०१० सालीं, सुगू या नांवाचा गायक जोसेफ म्बिलिन्यी हा म्बेया शहरांतून निवडून आला होता. राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांचा एका सभेंत अवमान केला म्हणून २०१८ च्या फेब्रुवारींत त्याला पांच महिन्यांची शिक्षा झाली. मे महिन्यांत तो सुटला. २०१७ सालीं ने वा मितेगो नांवाच्या गायकाला 'वापो' ह्या गीतापायीं अटक झाली, आणि लगेच, राष्ट्राध्यक्षांना गाणें आवडलें आहे असें जाहीर होऊन, तो सुटलाहि. आवडलें म्हणून सोडलें, ह्यांत कवीनें समाधान मानावें असें आम्हांस वाटत नाहीं. राजाच्या आवडीवर ज्याची सुटका अवलंबून, त्याच्या मानेवरचें जूं सैल झालें असेल, पण उतरलेलें नाहीं.

ह्या गीतांची आणि आमची गांठ घालून दिली ती आमच्या भाचीनें. तिच्या यजमानांची नोकरी दार-एस-सलामला. गेल्या वर्षीं ती बारा वर्षांच्या मुलाला घेऊन महिनाभर आमच्याकडे राहावयास आली होती. मुलाचा जन्म तिकडचा. इंग्रजी तो शाळेंत बोलतो, स्वाहिली रस्त्यावर, आणि मराठी आईनें डोळे वटारले म्हणजे. आमच्या थोरल्या भगिनी अक्का, म्हणजे त्याच्या आजी, पहिले आठ दिवस त्याच्याशीं खाण्यापलीकडे फारसें बोलूं शकल्या नाहींत. 'अजून एक पोळी घे' आणि 'नको, आजी' एवढ्यावर नात्याचा सारा व्यवहार चाललेला पाहून घरांत कोणीच कांहीं बोलत नसे; मात्र रात्रीं दिवा मालवल्यावर अक्का बराच वेळ जाग्या असत.

एके सायंकाळीं तो मोबाईलवर लावलेल्या एका ठेक्यावर स्वतः जुळविलेल्या स्वाहिली ओळी म्हणत होता. अक्का पानें वाढीत होत्या. त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "कळत कांहीं नाहीं रे, पण ताल चुकत नाहींस तूं." मुलगा एकदम खुलला. विना म्हणजे काय, मिझानी म्हणजे काय, हें तो मोडक्यातोडक्या मराठींत आजीला सांगूं लागला. शाळेंतल्या स्वाहिलीच्या तासाला तें शिकवितात. त्यावर अक्कांनीं वाढतां वाढतांच ठसक्यांत एक उखाणा घेतला. मुलानें बोटांवर अक्षरें मोजलीं आणि गंभीर चेहऱ्यानें निकाल दिला,

"आजी, तुझ्या ओळीला शेवटचा विना आहे. मधला नाहीं."

"मधला तुमच्याकडे असेल, बाळ," अक्का म्हणाल्या, "आमच्याकडे मधें नवऱ्याचें नांव असतें."

त्या रात्रीं जेवणें फार उशिरां आटोपलीं. त्यानें 'कितेंदाविली' असें ओरडावें, आम्हीं 'तेगा' म्हणून होकार द्यावा, आणि मग त्यानें कोडें घालावें, असा तिकडचा रिवाज आहे. अक्कांनीं त्याला लहानपणीं कोंकणांत ऐकलेल्या हुमाणांनीं जबाब दिला. भाची दोहींकडचा अर्थ सांगतां सांगतां दमली. "मामा," ती आम्हांस हळूच म्हणाली, "आठ वर्षें मी ह्याला मराठीचीं पुस्तकें वाचावयाला लावतें आहें. आज प्रथमच त्यानें आपण होऊन शब्द विचारले." मुलगा परत गेला आहे. त्याची मराठी टिकेल कीं नाहीं, हें आम्ही सांगूं शकत नाहीं. परंतु जी भाषा केवळ कर्तव्य म्हणून मुलापुढें ठेवली जाते ती औषधासारखी घेतली जाते, आणि जिच्यांत त्याला खेळतां, भांडतां, चिडवितां येतें ती तो मागून घेतो, एवढें त्या दिवशीं सर्वांनाच दिसलें.

भाषेच्या शुद्धतेची चिंता वाहणाऱ्यांना ह्या गीतांचें एक अंग मात्र निश्चित खटकेल. टांझानियांत राष्ट्रभाषेच्या जोपासनेसाठीं १९६७ पासून सरकारी परिषद आहे; तरी गाण्यांतली स्वाहिली ही चौकांतली स्वाहिली आहे. शेजारच्या केनियांत तर नैरोबीच्या तरुणांनीं 'शेंग' नांवाची बोलीच निर्माण केली. नांव ऐकून भुईमूग आठवला तरी तिच्या टरफलांत दाणे अनेक जातींचे आहेत: व्याकरण बहुतांशीं स्वाहिली, आणि शब्द इंग्रजी, किकुयू, लुओ, जे हाताला लागतील ते. नैरोबीचा कचरा जेथें टाकला जातो त्या दांदोरा वस्तींतील कालामाशाका ह्या संचानें १९९७ सालीं जें गीत गाइलें त्याचें नांवच 'ताफसिरी ही', म्हणजे 'ह्याचा अर्थ लावून दाखवा'. तुम्ही आमची भाषा अशुद्ध म्हणतां ना? मग आधीं समजून तर घ्या, असें तें आव्हान. पुढें २००२ सालीं लुओ आणि इंग्रजी यांच्या मिश्रणानें बनलेलें 'अनबोगेबल', म्हणजे 'न डगमगणारा', हें एका गीतांतलें विचित्र विशेषण विरोधी पक्षांच्या घोषणेंत शिरलें, आणि १९६३ पासून सत्तेवर असलेला पक्ष त्या निवडणुकींत हरला. पक्ष हरला तो गाण्यामुळें, असें म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाहीं. परंतु कोशांत न सांपडणारा शब्द लाखो लोकांच्या तोंडीं बसतो, तेव्हां त्याची निकड कोशकारांच्या आधीं लोकांना कळलेली असते.

ह्या गीतांचे दोष झांकून ठेवण्याचेंहि कारण नाहीं. पुष्कळ गाणीं नुसत्या बढाईचीं आहेत. मोटारी, दागिने आणि स्त्रिया एकाच यादींत मोजणारीं आहेत. नैरोबीच्या नाझिझीसारख्या गायिकांनीं आपली जागा मिळविली, परंतु तिच्यासाठीं त्यांना दुप्पट झगडावें लागलें. बोंगो फ्लेव्हा हें नांव हल्लीं बहुधा गोड प्रेमगीतांना आणि नाचाच्या गाण्यांना लावतात, आणि शब्दाला मान देणारे कवि आपणांस त्यांपासून वेगळे समजतात. तरीहि जें बोलणें घरांत कठीण होतें तें बोलण्याचें धैर्य ह्याच परंपरेनें दाखविलें. एड्‌सचा रोग घरेंच्या घरें ओस पाडीत होता आणि त्याचें नांव घेण्यास लोक कचरत होते, तेव्हां चौकांत त्याला 'न्गोमा', म्हणजे ढोल, हें टोपणनांव पडलें. म्वानाएफए ह्या गायकानें तेंच टोपणनांव आपल्या गीताच्या मथळ्यांत घातलें. ढोलानें गेलेल्या मुलीची ती कथा ज्यांना प्रवचनें ऐकावयाचीं नव्हतीं त्यांनींहि ऐकली. हाच गायक २०२३ सालीं आपल्या देशाच्या संस्कृति व कला खात्याचा उपमंत्री झाला.

एक गोष्ट आपल्या लोकांविषयींचीहि आहे. ह्या गायकांच्या कॅसेटी विकण्याचा धंदा दार-एस-सलामला मुख्यतः भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यांच्या हातीं होता, आणि किती प्रती खपल्या याचा खरा हिशेब आम्हांला कधीं मिळत नाहीं, अशी गायकांची जुनी तक्रार होती. व्यापाऱ्यांनीं जोखीम पत्करली, बाजार उभा केला, हेंहि खरें. परंतु न्येरेरे यांनीं शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चें भाषांतर १९६९ सालीं प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याला नांव दिलें 'माबेपारी वा वेनिसी'. 'बेपारी' हा शब्द आपल्याच किनाऱ्यावरून तिकडे गेला, आणि स्वाहिलींत त्याचा अर्थ 'भांडवलदार' असा झाला. शब्द जसे आपलें गांव सांगत नाहींत, तसे ते आपल्यामागें राहिलेला लौकिकहि लपवीत नाहींत. 'हेसाबू' हा शब्द ज्यांच्या आमच्यांत समान आहे, त्यांना निदान हिशेब तरी चोख मिळावयास हवा होता.

घेणें आणि देणें यांचा हाच विचार कलेलाहि लावतां येईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें तेव्हां कानडी चालींना त्यांनीं मज्जाव केला नाहीं. केशवसुतांनीं इंग्रजी चौदा ओळींचा बंध मराठींत आणला आणि पुढें तो 'सुनीत' होऊन आपलाच झाला. शेजारणीची वाटी परत करतांना ती रिकामी देऊं नये, असा आपल्या घरांतला जुना दंडक आहे. दार-एस-सलामच्या मुलांनीं ब्राँक्समधून ठेका उसना आणला, आणि त्यांत शाइरीचें यमक, सीतीचें धैर्य आणि आपल्या गल्लीचें हंसें घालून ती वाटी भरली. आज आपल्याकडचीं मुलेंहि तसेच ठेके घरीं आणूं लागलीं आहेत. त्यांना दाराशींच अडविण्यापेक्षां घरांतल्या वडील माणसांनीं एवढेंच पाहावें कीं वाटींत घालण्यासारखें कांहीं त्यांच्या हाताला लागेल असें आपण घरांत ठेवलें आहे कीं नाहीं: एखादा उखाणा, एखादें हुमाण, एखाद्या पोवाड्याचा चौक. तें ठेवण्याचें काम मुलांचें नव्हे, आपलें आहे.